लिखित रोलप्ले खेळाचा प्रारंभ: आखणी, प्रवेश आणि पहिल्या महिन्याची गती

लिखित स्वरूपाचा ऑनलाइन रोलप्ले खेळ, म्हणजे प्रत्येक खेळाडू एका पात्राचे बोलणे-वागणे पोस्टमधून लिहितो आणि त्यातून कथा पुढे जाते असा खेळ, सुरू करायचे ठरले की बहुतेक जण आधी नकाशा काढतात, राजघराण्यांची वंशावळ लिहितात आणि देवदेवतांची नावे ठरवतात. ही कामे आनंदाची आहेत आणि ती व्हायलाच हवीत. परंतु त्यांच्याही आधी एक आकडा कागदावर मांडला पाहिजे, तो म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार दिवसाकाठी किती पोस्टना विचारपूर्वक उत्तर देऊ शकतो. किती खेळाडू घ्यायचे, एका वेळी किती प्रसंग चालू ठेवायचे, घोषणा कधी करायची आणि दुसऱ्या तुकडीला प्रवेश कधी द्यायचा, हे सगळे निर्णय याच आकड्यावरून ठरतात. खेळाडूने मनापासून आपल्या पात्राची पहिली पोस्ट लिहिली आणि तीन दिवस तिच्याकडे कोणी फिरकले नाही, तर तो सहसा तक्रार करत बसत नाही; तो गुपचूप निघून जातो, आणि त्याच्याबरोबर एक प्रसंगही अर्धवट राहतो.

हिशेब अगदी साधा आहे. समजा, सहा खेळाडू आहेत. सुरुवातीच्या उत्साहात प्रत्येक जण दिवसाला दोन पोस्ट लिहील, म्हणजे रोज बारा पोस्ट येतील. खेळाडूंच्या तीन पोस्टमागे सूत्रधाराचे एक उत्तर असे प्रमाण धरले, तर रोज चार उत्तरे लिहावी लागतील. आधीचे सगळे वाचून, पात्रांच्या कृतींचे यशापयश ठरवणाऱ्या फाशांचे निकाल लावून आणि पुढच्या घडामोडी ध्यानात ठेवून लिहिलेल्या एका उत्तराला अर्धा तास सहज लागतो, तेव्हा नुसत्या लेखनाचेच दोन तास झाले. खासगी प्रश्नांना उत्तरे देणे, पात्रांचे अर्ज तपासणे आणि खेळाडूंमधले गैरसमज मिटवणे यांसाठी आणखी एक तास धरावा. पहिल्या आठवड्यात रोज तीन तास काढता येणे शक्य नसेल, तर खेळाडू कमी घ्यावेत किंवा सहसूत्रधार शोधावा. पुढे हा वेग आपोआप निम्म्यावर येतो, पण आखणी करताना पहिल्या आठवड्याचाच वेग गृहीत धरावा, कारण खेळाडू टिकतात की जातात हे बहुतांशी त्याच आठवड्यात ठरते. माझ्या मते एकट्या सूत्रधाराने पहिल्या तुकडीत सहांपेक्षा जास्त खेळाडू घेऊ नयेत, मग इच्छुकांची यादी कितीही मोठी असो.

प्रारंभापूर्वीची तयारी

जगाची माहिती देणारा दस्तऐवज दोन पानांत बसवावा. नव्या खेळाडूला पात्र तयार करण्यासाठी जेवढे ठाऊक असायला हवे तेवढेच त्यात असावे: कथा कुठे आणि कोणत्या काळात घडते, सध्या कशावरून ताण आहे, कोणत्या प्रकारची पात्रे चालतील आणि कोणत्या प्रकारची चालणार नाहीत. बाकीचा इतिहास सूत्रधाराने स्वतःजवळ ठेवावा आणि तो प्रसंगांमधून हळूहळू बाहेर येऊ द्यावा. चाळीस पानांचा दस्तऐवज वाचूनच प्रवेश मिळेल अशी अट घातली, तर वाचनाची आवड असणारे येतात, पण लिहिण्याची आवड असणारे मात्र दारातूनच परत जातात.

पात्राच्या अर्जाचेही तेच. नाव, रूप, व्यवसाय, एक हवीहवीशी गोष्ट, एक भीती आणि पहिल्या प्रसंगाच्या ठिकाणी हे पात्र आज का आले आहे, एवढे सहा प्रश्न पुरतात. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर देताना खेळाडू आपल्या पात्राला स्वतःच कथेत आणून उभे करतो. ज्या पात्राला तिथे असण्याचे कारणच नाही, ते पहिल्या पोस्टनंतर कोपऱ्यात जाऊन बसते. अर्जाचा एक भरलेला नमुना सोबत द्यावा आणि तो मुद्दाम साधा, मध्यम लांबीचा ठेवावा, कारण नमुना जेवढा लांब असेल तेवढेच लांब लिहिण्याचे दडपण येते.

चॅनेलांच्या, म्हणजे एकेका ठिकाणासाठी किंवा विषयासाठी असलेल्या संदेशकक्षांच्या, बाबतीत हात आखडता ठेवणे हिताचे असते. डिस्कॉर्ड या गटसंवादाच्या ऑनलाइन सेवेवर सर्व्हर, म्हणजे आपल्या गटाची जागा, उभारताना राजवाडा, बाजार, जंगल, बंदर, कारागृह असे वीस चॅनेल काही मिनिटांत तयार होतात आणि त्यांतले सतरा महिनाभर रिकामे पडून राहतात. आत आलेल्या माणसाला ते रिकामेपण आधी दिसते. प्रारंभी खेळासाठी दोन किंवा तीन ठिकाणे उघडावीत, एक चॅनेल खेळाबाहेरच्या गप्पांसाठी, एक नियमांसाठी आणि एक सूचनांसाठी ठेवावे. बाकीची ठिकाणे तयार असली तरी परवानग्यांच्या सोयीने ती लपवून ठेवता येतात आणि कथा तिथे पोहोचेल तेव्हा उघडता येतात. नवे ठिकाण उघडणे हीदेखील खेळातली एक घटना होते. पोस्टच्या लांबीचा अंदाज देण्यासाठी डिस्कॉर्डवरच्या साध्या खात्याची एका संदेशाला असणारी २,००० अक्षरांची मर्यादा उपयोगी पडते: एक पोस्ट एका संदेशात बसावी, एवढे सांगितले की पुरे.

वर्तनाचे नियम खेळ उघडण्याआधी लिहून झालेले असावेत, आणि या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. पाव्हेल कर्टिस यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात उभारलेल्या लॅम्डामू या मजकुरावर चालणाऱ्या जगात १९९३ मध्ये एका सदस्याने इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचाराची वर्णने लादली, तेव्हा काय कारवाई करावी याची ठरलेली पद्धत तिथे नव्हती. सदस्यांमध्ये तीव्र वाद झाला, एका व्यवस्थापकाने अखेर स्वतःच्या अखत्यारीत ते पात्र काढून टाकले आणि सदस्यांच्या अर्जांवर मतदान घेण्याची व्यवस्था त्यानंतर आली. आपला खेळ लहान असला तरी धडा लागू आहे. दुसऱ्याच्या पात्राच्या कृती आणि त्यांचे परिणाम परस्पर लिहायचे नाहीत, हा पहिला नियम. दुसरा नियम विषयांचा. रोलप्ले खेळांचे रचनाकार रॉन एडवर्ड्स यांनी रूढ केलेली रेषा आणि पडदे यांची पद्धत इथे उत्तम चालते: जे विषय खेळात मुळीच येणार नाहीत ते रेषेपलीकडचे, आणि जे घडतील पण ज्यांचे वर्णन होणार नाही ते पडद्याआडचे. प्रत्येक खेळाडूकडून ही यादी खासगीत मागवावी आणि कोणाचे नाव न घेता सर्वांची मिळून एकच यादी प्रसिद्ध करावी. वयाची अटही स्पष्ट लिहावी. डिस्कॉर्डवर खाते उघडायला किमान वय १३ वर्षे लागते, आणि खेळात प्रौढांसाठीचा आशय येणार असेल तर १८ वर्षांखालील कोणालाही प्रवेश देऊ नये.

चाचणी आणि घोषणा

चार ओळखीच्या खेळाडूंना घेऊन आठ-दहा दिवसांची चाचणी घ्यावी. चाचणीचा प्रसंग मुख्य कथेतला नसावा. तो त्याच जगातला, पण आधीच्या काळातला असावा, म्हणजे त्यातून तयार झालेले दोन-तीन संदर्भ पुढे खऱ्या खेळात वापरता येतात. चाचणीत कथा किती रंगली याकडे कमी आणि खेळाडू कुठे अडखळले याकडे जास्त लक्ष द्यावे. दोन वेगळ्या माणसांनी एकच प्रश्न विचारला, तर उत्तर दस्तऐवजात नाही किंवा चुकीच्या जागी आहे. दस्तऐवज वाचल्यापासून पहिली पोस्ट येईपर्यंत तीन-चार दिवस गेले, तर अर्ज तरी लांब आहे किंवा पहिल्या प्रसंगात शिरायला वाट नाही. सूत्रधाराला स्वतःच्या वेगाचाही खरा अंदाज याच काळात येतो, आणि वर मांडलेला अर्ध्या तासाचा आकडा त्यानुसार बदलून घ्यावा.

चाचणी पुरी झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. घोषणा आणि प्रारंभ यांत सात ते दहा दिवसांचे अंतर पुरेसे असते, कारण तेवढ्यात पात्रे तयार होतात आणि उत्साह टिकून राहतो. महिनाभर आधी घोषणा केली तर लोक पात्रांच्या पूर्वायुष्यावर खेळाबाहेर इतकी चर्चा करतात की प्रसंगात सांगायला काही उरत नाही, आणि अर्धे जण तोवर दुसऱ्या खेळात गुंतलेले असतात. घोषणेत कथेचा चार ओळींचा परिचय, अपेक्षित पोस्टचा वेग, वयाची अट, जागांची संख्या आणि अर्जाची अंतिम तारीख एवढे असावे. वेगाचा उल्लेख गाळू नये. आठवड्यातून तीनदा लिहिणारा आणि तासाला तीनदा लिहिणारा हे दोघेही चांगले खेळाडू असू शकतात, पण एका प्रसंगात ते एकमेकांना त्रासदायकच ठरतात, तेव्हा हे आधीच कळलेले बरे. जागा भरल्यावर बाकीच्यांची प्रतीक्षायादी करावी आणि दुसरी तुकडी साधारण महिन्याभरात घेतली जाईल असे त्यांना मोकळेपणाने सांगावे.

प्रारंभाचा दिवस सूत्रधाराच्या सोयीने निवडावा. त्या दिवसानंतरचे किमान दोन दिवस त्याला मोकळे हवेत. खेळाडू वेगवेगळ्या देशांत असतील तर वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत द्यावी, किंवा डिस्कॉर्डची अशी वेळ-नोंद वापरावी जी प्रत्येकाला त्याच्या घड्याळाप्रमाणे दिसते.

पहिला प्रसंग

सूत्रधाराच्या पहिल्या पोस्टवर जितके श्रम घ्यावेत तितके थोडेच आहेत. पाच परिच्छेदांत इतिहास सांगून शेवटी ‘तुम्ही काय करता?’ असे विचारले, तर सहा खेळाडू सहा वेळा आजूबाजूला पाहतात आणि सगळे तिथेच थांबते. त्याऐवजी अशी स्थिती मांडावी जिच्यात काहीतरी आत्ताच बिघडले आहे आणि जिला हात घालायला एकाहून अधिक जागा आहेत. उदाहरणार्थ, एका खिंडीतल्या जकात नाक्यावर मिठाच्या तीन गाड्यांचा तांडा थांबला आहे. नाक्याचे दार रोज सूर्यास्ताला बंद होते, आज ते भर दुपारी बंद आहे. पहारेकरी आतून बोलतो, पण समोर येत नाही. दुसऱ्या गाडीच्या तळातून पाणी ठिबकते आहे, गाडीत तर मिठाची पोती असल्याचे सांगितलेले आहे. आणि नाक्याच्या वरच्या खिडकीतून एक लहान मुलगी बोटांनी काहीतरी खुणा करते आहे.

या मांडणीत तीन वाटा आहेत: बोलक्या पात्राला पहारेकरी, संशयी पात्राला गाडी, हळव्या किंवा जिज्ञासू पात्राला खिडकी. सहा पात्रे आपोआप दोन-दोनच्या जोड्यांत विभागली जातात, आणि एका वेळी सहा जणांनी एकाच माणसाशी बोलण्याचा गोंधळ होत नाही. पोस्टच्या शेवटी खेळातली मुदत आणि खरी मुदत एकमेकींना बांधावी: रविवारी रात्री दहा वाजता खिंडीत सूर्य मावळेल आणि त्यानंतर जे घडायचे ते घडेल, मग दार उघडलेले असो वा नसो.

आता एखादा खेळाडू लिहितो, ‘मी गाडीजवळ उभा राहून निरीक्षण करतो.’ अशा पोस्टला ‘तुला पाणी ठिबकताना दिसते’ असे उत्तर दिले, तर खेळाडूच्या हाती नवे काहीच लागत नाही. त्याऐवजी लिहावे की ठिबकणारे पाणी त्याने बोटावर घेऊन चाखले तर ते गोडे लागेल इतके स्वच्छ दिसते आहे, आणि तो वाकलेला पाहताच गाडीवान घाईघाईने पोत्यांवर घोंगडी ओढतो. आता खेळाडूपुढे निवड आहे: गाडीवानाला जाब विचारायचा, पाणी चाखायचे, की काहीच पाहिले नाही असे दाखवायचे. पहिल्या आठवड्यातल्या सूत्रधाराच्या प्रत्येक उत्तरात प्रत्येक पात्रासाठी एक नवी गोष्ट आणि एक निवड असावी. लांबी गौण आहे. चार ओळींचे असे उत्तर रात्री देता आले तर ते परवा दिलेल्या चार परिच्छेदांपेक्षा कितीतरी उपयोगाचे ठरते.

गती राखण्याचे नियम

मुदतीचा प्रश्न ऑनलाइन खेळांपेक्षा जुना आहे. डिप्लोमसी हा पटावरचा खेळ १९६० च्या दशकात टपालाने खेळला जाऊ लागला, तेव्हा ठरलेल्या तारखेपर्यंत ज्याच्या चाली पोहोचत नसत त्याच्या फौजा जागच्या जागी उभ्या राहत आणि बाकीचा खेळ पुढे सरकत असे. लिखित रोलप्लेलाही असाच नियम हवा. अठ्ठेचाळीस तासांत पोस्ट आली नाही, तर ते पात्र प्रसंगात हजर आहे पण गप्प आहे असे धरून पुढे जावे. खेळाडूला शिक्षा करण्याचा यात हेतू नाही. परत आल्यावर त्याला मागचे दोन वाक्यांत भरून काढू द्यावे. ज्याला बाहेरगावी जायचे आहे त्याने सूचनांच्या चॅनेलवर एक ओळ लिहिली की पुरे, कारण विचारू नये.

अतिवेगाचा त्रास मंदगतीइतकाच गंभीर असतो, पण त्याच्याकडे दुर्लक्ष होते. एकाच वेळी जागे असणारे दोघे खेळाडू रात्रीतून चाळीस पोस्ट लिहितात. तिसरा सकाळी उठतो तेव्हा पहारेकऱ्याशी वाटाघाटी होऊन गेलेल्या असतात आणि त्याच्या पात्राला बोलायला जागाच नसते. म्हणून एका प्रसंगात आपली पोस्ट झाल्यावर इतर दोघांच्या पोस्ट येईपर्यंत किंवा चोवीस तास होईपर्यंत थांबावे, असा नियम करावा. डिस्कॉर्डवर चॅनेलला स्लो मोड, म्हणजे एकाच्या दोन संदेशांमध्ये सक्तीचे अंतर, लावता येतो, पण तो यंत्राने लावलेला अडथळा असतो आणि संवाद रंगात आलेला असताना खटकतो. समजुतीचा नियम अधिक चांगला चालतो. ज्यांना भरभर लिहायचेच आहे, त्यांच्यासाठी मुख्य कथेवर परिणाम न करणारे दोघातिघांचे छोटे प्रसंग वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे चॅनेलच्या पोटातल्या स्वतंत्र संभाषणात, मोकळे ठेवावेत.

लढाई हा लिखित खेळातला सर्वांत संथ भाग असतो आणि नवख्या सूत्रधारांचे खेळ बहुधा इथेच रुततात. टेबलाभोवती बसून खेळताना एकामागून एक पाळी घेणे ठीक आहे. इथे सहा खेळाडूंनी क्रमाने प्रत्येकी अठ्ठेचाळीस तास घेतले, तर लढाईच्या एका फेरीला बारा दिवस लागतील. क्रम सोडून द्यावा. सर्वांनी एकाच अठ्ठेचाळीस तासांच्या मुदतीत कोणत्याही क्रमाने आपला हेतू लिहावा, फासे त्याच पोस्टमध्ये टाकावेत आणि ‘दार उघडले तर मी आत शिरेन, नाही उघडले तर धनुष्य घेईन’ अशी पर्यायी कृतीही लिहून ठेवावी. मुदत संपली की सूत्रधाराने सगळे एकत्र करून एकाच पोस्टमध्ये निकाल सांगावा. तीन फेऱ्यांत लढाईचे पारडे निश्चित झुकावे. पुढे फक्त रेंगाळणे उरते.

पहिला महिना

पहिला आठवडा रोज उत्तर देण्याचा. या काळात नवे कथानक, नवे ठिकाण, नवे नियम असे काहीही आणू नये. प्रसंगात दोन दिवस न दिसलेल्या खेळाडूला खासगीत विचारावे, मात्र ‘का लिहिले नाहीस’ असे न विचारता त्याच्या पात्रासाठी काय वाट काढता येईल असे विचारावे. बरेचदा त्याला लिहायचे असते, फक्त शिरायला जागा सापडत नसते.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पहिला प्रसंग संपलाच पाहिजे. हे मी आग्रहाने सांगतो, कारण प्रसंग संपवणे हे सुरू करण्यापेक्षा अवघड असते आणि पूर्ण झालेला एक प्रसंग खेळाडूंना या खेळावर विश्वास ठेवायला शिकवतो. दार उघडले की फुटले, मुलगी सापडली की नाही, हे स्पष्ट सांगावे, प्रत्येक पात्राच्या वाट्याला एक परिणाम द्यावा आणि मग काळ पुढे सरकवावा: ‘तीन दिवसांनी, खिंडीच्या पलीकडच्या गावात.’ जे मागे पडले होते तेही या उडीने सर्वांच्या बरोबरीला येतात.

तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावतो. नवेपणा ओसरलेला असतो, लोकांची कामे परत डोके वर काढतात आणि सूत्रधारही दमलेला असतो. यावर मोठा धक्का देणारी घटना घडवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा; दमलेल्या माणसांकडून अधिक लेखनाची अपेक्षा करणे हा त्यावरचा उपाय असू शकत नाही. पोस्टची मुदत अठ्ठेचाळीस तासांवरून बहात्तर तासांवर न्यावी, दोन प्रसंग चालू असतील तर ते एकत्र आणावेत आणि चार-पाच दिवसांची विश्रांती हवी असेल तर ती परत सुरू होण्याच्या तारखेसह जाहीर करावी. तारीख नसलेली विश्रांती खेळाडूंना खेळ बंद पडल्यासारखीच वाटते. एखाद्याने खेळ सोडायचे ठरवले असेल तर त्याच्या पात्राला कथेतून नीट निरोप द्यावा, शक्य असल्यास त्याच्या संमतीने आणि त्यालाच शेवटची पोस्ट लिहायला देऊन.

प्रतीक्षायादीतल्यांना बोलावण्याचा विचार चौथ्या आठवड्यात करावा, आणि तोही दोन गोष्टी पाहून. एक, सलग सात दिवस कोणाचीही पोस्ट दोन दिवसांहून अधिक काळ उत्तरावाचून राहिलेली नसावी. दोन, पहिल्या तुकडीतल्या निदान एकाने गावातले एखादे दुय्यम पात्र किंवा एखादा छोटा प्रसंग स्वतः चालवायची तयारी दाखवलेली असावी, कारण पुढची भर सूत्रधाराच्या एकट्याच्या खांद्यावर टाकता येत नाही. दोन्ही जमत असेल तर दोन किंवा तीनच नव्या खेळाडूंना घ्यावे, त्यांना एखाद्या प्रसंगाच्या मध्यावर न सोडता नव्या प्रसंगाच्या पहिल्या पोस्टपासून आत आणावे, आणि प्रत्येकाच्या पात्राचा जुन्या पात्रांपैकी एकाशी आधीच संबंध जोडून द्यावा: कोणी गाडीवानाची बहीण, कोणी नाक्यावरून पळालेला शिपाई. सात दिवसांचा हिशेब जमत नसेल, तर यादीतल्यांना नवी अंदाजे तारीख कळवून आहे त्या सहा जणांबरोबर पुढचा प्रसंग सुरू करावा.